पाऊस बदलला, पण कशावरून?

दारव्ह्याचं अंगण, मृग संपत आलेला, आभाळ कोरडं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पुतणी कृषी महाविद्यालयात.

पुतणी : आबा म्हणतात, पहिल्यासारखा पाऊस राहिला नाही. खरं का, काका?

काका : दुबार पेरणीचं वर्ष माणूस विसरत नाही, धड पिकलेली चार विसरतो. म्हणून वही लागते.

पुतणी : मग वर्षाची बेरीज पाहायची?

काका : तिथंच फसगत होते. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारताचा १९५१ ते २००० चा रोजचा पाऊस तपासला, २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. मोसमाच्या एकूण पावसात ठळक फरक नाही. अतिवृष्टी मात्र वाढलेली, मध्यम सरी घटलेल्या.

पुतणी : रक्कम तीच, हप्ते वेगळे!

काका : आणि सोयाबीन जगतं हप्त्यांवर. शेंगा भरताना वीस दिवस खंड, मग एका रात्रीत पूस नदी दुथडी. बेरजेत वर्ष चांगलंच दिसणार.

पुतणी : जुलै २०२३ मध्ये महागावच्या आनंदनगरात माणसं पुरात अडकली, हेलिकॉप्टर मागवावं लागलं. तो पुरावा काहून नाही?

काका : एका पुरावरून कल ठरत नाही. तीस वर्षं घे. दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या एकदिवसीय पावसाची एकेक चिठ्ठी कर. आता प्रत्येक दोन वर्षांची जोडी लाव. नंतरच्या वर्षाचा आकडा मोठा तर एक मिळव, लहान तर एक वजा. जोड्या होतात ४३५. नुसता योगायोग असेल तर बेरीज शून्याभोवती घुटमळते. ती अधिक किंवा उणे ११० च्या पलीकडे जाणं योगायोगानं शंभरात पाचेक वेळाच घडतं. हीच मान-केंडल कसोटी.

पुतणी : एखाद्या वर्षी भलताच कोसळला तर?

काका : जोडीत मोठा तो मोठाच, १५० मिलिमीटर असो की ३००. एकटं वर्ष बाजी मारून नेत नाही, म्हणून मला ही आवडते. वाढ किती, हे मात्र ती सांगत नाही. त्यासाठी प्रणवकुमार सेन यांची १९६८ ची रीत. प्रत्येक जोडीतला दरवर्षीचा फरक काढायचा, सगळे ओळीत लावून मधला उचलायचा.

पुतणी : आज रात्रीच आकडे भरते.

काका : आधी पर्जन्यमापक बघ. जागा बदलली का? न घेतलेली नोंद कुणी शून्य म्हणून तर लिहिली नाही? शेजारचं झाड स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवं. नाहीतर वाढला असेल कडुनिंब, आणि आपण म्हणू पाऊस घटला.

पुतणी : मग उद्या जाऊ?

काका : सकाळी साडेआठला. नोंद घ्यायची वेळच ती.