आधी ओल, मग रंग

घर घेतलंत, फार बरं केलंत. इमारत जुनी आहे, भिंती कळकट झाल्यात, रंगाऱ्यानं सांगितलेला आकडा झेपणारा नाही, म्हणून दोघं मिळून स्वतःच रंग देणार आहात, हे ऐकून तर मला जास्तच आनंद झाला. आमच्या चिपळूणच्या घराला आप्पा स्वतः चुना काढायचे, आम्ही भावंडं बादल्या धरायचो. पुढे डोंबिवलीच्या दोन खोल्यांना तुझ्या आजोबांनी आणि मी आधी डिस्टेंपर दिलं, नंतर प्लास्टिक पेंट. तेवढ्या वर्षांत हाताला जे कळलं ते सांगते.

रंगाच्या दुकानात जायची घाई करू नका. आधी रिकाम्या खोलीत भिंतीवरून तळहात फिरवत एक फेरी मारा. जिथे गार लागेल, रंग फुगलेला असेल, पोपडा सुटेल, तिथे खडूनं गोल करून ठेवा. मग पाणी कुठून येतंय ते शोधा. वरच्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्ची, नाहीतर वरच्यांची मोरी. खिडकीखाली असेल तर चौकट आणि भिंत यांच्यातली फट. कमरेएवढ्या उंचीवर ओल असेल आणि पलीकडे बाथरूम असेल तर आतला पाइप, किंवा टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट गेलेलं. ते दुरुस्त होईपर्यंत त्या भिंतीला रंगाचा थेंब लावू नका. ओल न लागणारा म्हणून विकतात तो रंग आतून फासला, तरी पाणी हातभर सरकून दुसरीकडे डोकं वर काढतं.

शंका असेल तर एक साधी परीक्षा आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतली हवा दमट आहे, खिडक्या उघडा.

आपल्याकडे लोक गणपतीच्या तोंडावर रंग काढायला घेतात. मला ते कधीच पटलं नाही. श्रावण-भाद्रपदात भिंतीनं अडीच-तीन महिने पाणी प्यायलेलं असतं. वरून रंग वाळल्यासारखा दिसतो, आतलं पाणी कोंडतं आणि दिवाळीच्या पणत्या लावताना भिंतीवर फुगे दिसतात. गणपतीला घर रंगलेलं हवं तर काम मे महिन्यात उरकून घ्या. दिवाळीला हवं तर दसऱ्याला सुरुवात करा. दसरा ते लक्ष्मीपूजन 20 दिवस मिळतात, एक-दोन खोल्यांना ते पुष्कळ झाले. सगळं घर एकदम काढलंत तर निजायला जागा राहणार नाही आणि शेवटच्या खोलीत काम उरकून टाकाल.

भिंतीच्या तळाशी पांढरी पूड सुटली असेल तर तो लोणा. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. तो धुवायचा नाही, धुतलात तर क्षार पाण्यात विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडून कागदावर घ्या आणि फेकून द्या. काळी-हिरवी बुरशी असेल तर उलट, ती कोरडी घासू नका, पूड उडून श्वासात जाते. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून लावा, थोडा वेळ राहू द्या, घासून धुवा आणि भिंत पुरती वाळू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. संडासाचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आता जुना रंग कोणता आहे ते ओळखा. बोट ओलं करून भिंतीवर चोळा. बोटाला दुधी पांढरं लागलं तर चुना किंवा साधं डिस्टेंपर, ते खरवडून काढावंच लागेल, कारण त्यावर प्लास्टिक पेंट धरत नाही, दोन वर्षांत पापुद्र्यानं सुटतो. बोटाला काही लागलं नाही आणि भिंत चकचकीत असेल, तर तो तैलरंग. त्याची चकाकी काचपेपरनं मारून घ्या, मगच नवा रंग बसेल.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. जुन्या दारांवर, चौकटींवर, गजांवर जो तैलरंग आहे त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तुमची इमारत त्याच्या किती आधीची. असा रंग कोरडा घासायचा नाही आणि जाळूनही काढायचा नाही. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलाच घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा, निघालेला चिखल ओल्या फडक्यानं टिपून घ्या. केरसुणी फिरवू नका. आणि बाळंतीण, पोटुशी, रांगतं मूल यांना त्या दिवशी त्या घरात ठेवूच नका, दुसऱ्या कुणाकडे पाठवा.

मग येते लांबी, तुम्ही पुट्टी म्हणता ती. खिळे उपटा, भोकं आणि बारीक चिरा पत्र्यानं भरा. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर एका वेळी थोडीच कालवा, तासा-दोन तासांत ती घट्ट होते आणि घट्ट झालेलीत पुन्हा पाणी घालून वापरली तर ती पुढे भुगा होऊन सुटते. एक जाड थर देऊ नका, दोन पातळ द्या. वाळली की 180 नंबरचा काचपेपर, मग 220 चा.

नीट घासलं गेलंय का, हे दिवसा कळत नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च भिंतीला टेकवून आडवी धरा आणि प्रकाश भिंतीवरून सरपटत जाऊ द्या. दिवसा गुळगुळीत वाटलेल्या भिंतीवर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. पत्र्याची ओढलेली रेघ, बोटाचा ठसा, राहून गेलेला दाणा, सगळं उभं राहतं. तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि सकाळी तेवढंच घासा. मग ओलसर फडक्यानं धूळ पुसून प्रायमरचा एक हात द्या. प्रायमर वाचवायला जाऊ नका. लांबी भरलेली जागा रंग शोषते, जुनी जागा शोषत नाही, आणि प्रायमर नसेल तर सगळ्या भिंतीवर ठिगळं दिसतात.

रंग किती आणायचा याचा हिशोब घरीच करा. तुमची मोठी खोली 10 बाय 12, उंची 9 फूट. चारी भिंतींची लांबी मिळून 44 फूट, गुणिले 9 म्हणजे 396 चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण 36 वजा केले की 360 उरतात. दोन हातांना लिटरमागे 60 ते 70 चौरस फूट धरा, म्हणजे 5 ते 6 लिटर. सगळे डबे एकाच वेळी आणा आणि सुरू करण्याआधी एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. डब्याडब्यात शेड किंचित वेगळी असते, अर्ध्या भिंतीवर डबा बदलला तर तो फरक कायमचा दिसतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला.

शेड मात्र पुस्तकातल्या बोटभर तुकड्यावरून ठरवू नका. लहान डबा आणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट लावा, सकाळी बघा, दुपारी बघा, ट्यूबच्या उजेडात बघा. चार भिंतींवर रंग तुकड्यापेक्षा गडदच वाटतो. उजेड नसलेल्या खोलीत निळसर पांढरा उदास दिसतो, किंचित पिवळी झाक असलेला पांढरा घ्या. छत पांढरंच ठेवा, माझं मत ठाम आहे.

हात बसलेला नसेल तर आधी खिडकीचं ग्रिल घ्या, बिघडलं तरी झाकतं. जुना तैलरंग असेल तर तो मघाशी सांगितला तसा ओलाच घासा, तारेच्या ब्रशनं गंज पार खरवडा, फडक्यानं पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावून टाका. खारी हवा आहे, उघडं लोखंड रात्रभर ठेवलंत तर सकाळी पुन्हा तांबूस झालेलं असतं. वाळल्यावर तैलरंगाचे दोन पातळ हात. जाड लावलात तर गजाच्या खालच्या बाजूला थेंब लोंबून तिथेच वाळतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा काम असेल तर ब्रश धुवायची गरज नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवा.

भिंतीवर वरून खाली या. आधी छत, मग भिंती, शेवटी दारं. छताला हात घालण्याआधी पंख्याचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी मारा, आणि स्विचच्या पट्ट्या काढायच्या असतील तर मेन बंद करा. शिडी पलंगावर ठेवायची नाही. एकानं शिडीवर, एकानं खाली धरून. कोपरे आणि कडा दोन इंची ब्रशनं आधी मारून घ्या, मग तो रंग ओला आहे तोवर रोलर फिरवा. ब्रश एक तृतीयांशच बुडवा आणि डब्याच्या काठाला टेकवून काढा. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी काढलेला तो गट्टू नावाचा पोरगा आमच्या पिढीला फार आवडायचा, पण त्याच्या हातातला रंग जसा ओघळतो तसा तुमचा ओघळता कामा नये. एक भिंत मधेच सोडून चहाला उठू नका, सांधा दिसतो. वाळायला लागलेल्या जागी पुन्हा रोलर नेऊ नका, दुसऱ्या हातात ती जागा आपोआप झाकते. दोन हातांत चारेक तास जाऊ द्या, हवा दमट असेल तर जास्त. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला मात्र स्वतः हात लावू नका, ते दोर आणि परांची जाणणाऱ्यांचं काम.

गावच्या घराचं वेगळं सांगते, कारण ते आता तुमच्याकडेच येणार. तिथल्या भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा सच्छिद्र दगड, जमिनीतली ओल वर ओढतो आणि भिंतीतून बाहेर सोडतो. त्यावर शहरातला प्लास्टिक पेंट दिला की ओलीची वाट बंद होते आणि गिलावाच फुगून खाली येतो. कोकणात आणि गोव्यातही पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजून काढत, तो याचसाठी भिंतीला मानवत असे. चुना श्वास घेऊ देतो, आणि तो तीव्र क्षारीय असल्यामुळे बुरशीही धरत नाही.

आप्पांची रीत अशी. कळीचा चुना पत्र्याच्या किंवा मातीच्या भांड्यात विरवायचा, प्लास्टिकच्या बादलीत कधीच नाही, कारण पाणी उकळू लागतं. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडायचे. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून अंगावर येतो. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं तरी धूत राहायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. विरवलेला चुना निदान रात्रभर मुरू द्यायचा, जास्त दिवस मुरला तर उत्तमच. मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळायचा, भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची आणि पातळ ताकाइतपत करायचा. नीळ जास्त झाली तर भिंत निळी दिसते, मापात घातली तर शुभ्र.

भिंतीवर आधी पाणी शिंपडायचं, म्हणजे कोरडा दगड चुन्यातलं पाणी एकदम ओढून घेत नाही. पहिला हात दिलात की वाटेल काहीच लागलं नाही, कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. घाबरून जाड थर लावू नका. तासाभरात तो पांढरा पडायला लागतो, आणि पुढचे काही दिवस हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा चुनखडक बनत जातो. जाड दिलेला चुना वाळून पुडीसारखा सुटतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला लागतो. पातळ असे तीन हात, एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा.

दारालगतच्या पट्ट्यावर गेरू देऊन वारली काढायची सुनबाईची इच्छा आहे, काढ बाई. 2011 साली पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा म्हसे यांच्या डहाणूकडची ही कला. शेण-मातीनं सारवलेल्या भिंतीवर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. माणसं, झाडं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाच, हे काढ. देवचौक तेवढा काढू नकोस. तो त्यांच्या लग्नविधीचा आहे, सवाशिणी काढतात, चपलांच्या कपाटाशेजारी त्याची जागा नाही. तुमच्या फ्लॅटच्या भिंतीला गेरूऐवजी तपकिरी इमल्शन आणि पांढरा ॲक्रिलिक चालेल, पण खालचा पट्टा पुरता वाळल्याशिवाय रेघ ओढू नकोस, पसरते.

काम झालं की ब्रश आणि रोलर लगेच धुवा. उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, बाहेर शेडचा नंबर, खोली आणि महिना लिहा. मोरीत ओतू नका, नको असेल तर वाळूत किंवा रद्दीत मिसळून वाळवून टाका. भिंत हाताला काही तासांतच कोरडी लागेल, पण रंग आतून कठीण व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर ओल्या फडक्यानं पुसू नका, खिळे ठोकू नका, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब उभं करा, पाठीमागून हवा खेळली पाहिजे. पुढचा पाऊस सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात खडूनं गोल केलेल्या त्या जागांवरून पुन्हा तळहात फिरवा आणि गार लागलं तर मला फोन करा.