आठवड्यातून एकच वार

सकाळी मूठ वळत नाही, बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजतात, बांगडी मनगटावर चढत नाही आणि हे आखडलेपण तास-तासभर सुटत नाही, असं काही आठवडे चाललं असेल तर तेल चोळत बसू नका. आमच्या गढ्यात, मदनमहालच्या टेकडीखाली, अशा प्रत्येक दुखण्याला ‘गठिया’ म्हणतात आणि जबलपूरच्या थंडीवर ढकलतात. पण झिजलेला गुडघा चालून दुखतो, बसलं की निवतो. आमवाताचं, म्हणजे वर सांगितलेल्या दुखण्याचं, उलट आहे. रात्रभराच्या विश्रांतीनंतरच सांधे जास्त आखडतात, कारण इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठलेली असते. पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट बायकांना हा आजार होतो. पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर हाडांची झीज बरीच रोखता येते. एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. रक्ततपासणीत आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नका. माझाही निगेटिव्ह होता, अँटी-सीसीपी तपासणीने निदान झालं.

मला मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आठवड्यातून एकदा, आणि जोडीला फोलिक ॲसिड. माझ्या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या. औषधाच्या दुकानात पाकिटांवर लिहिताना अदलाबदल झाली आणि ‘रोज एक’ हे मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर गेलं. थोड्याच दिवसांत तोंड आतून सोलवटलं, पाण्याचा घोटही झोंबायला लागला, ताप चढला. नणंदबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा खरा प्रकार कळला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या होत्या. दवाखान्यात भरती करून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, म्हणून वाचले.

घरी आल्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ‘हे विष आता बंद कर.’ मला ते पटलं नाही. रक्त सावरल्यावर डॉक्टरांनी कमी मात्रेत तीच गोळी पुन्हा दिली, आणि आज मी कणीक मळते ती तिच्यामुळेच. मेथोट्रेक्सेट आणि फोलिक ॲसिड ही दोन्ही आपले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली, अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत 1940 च्या दशकात तयार झाली. औषध उत्तम आहे, पण ते रोजचं नाही.

म्हणून डॉक्टरांकडून वाराचं नाव अक्षरांत लिहून घ्या. आमच्याकडे गुरुवार ठरलाय, दत्ताचा वार असल्याने घरात कुणीच विसरत नाही. ही गोळी वेगळ्या डबीत ठेवा. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर धीर धरा. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. तब्येत बरी वाटते म्हणून ती टाळू नका. तोंड आलं, ताप आला, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी प्रतिजैविक मिळालं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगाच. कोट्रायमोक्साझोल यासोबत घातक ठरू शकतं. दारू टाळा, विडी-सिगारेट सोडा. मूल हवं असेल त्या मुलींनी आधीच डॉक्टरांशी बोलावं, हे औषध गर्भाला अपाय करतं.

आणि एका रात्रीत आराम देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दुखणं दबतं, हाडं मात्र पोखरली जातात.

आपलं मेडिकल कॉलेज गढ्यातच आहे, मेडिसिनच्या ओपीडीत हात दाखवून या. आणि ज्यांच्या घरी ही गोळी आधीच चालू आहे, त्यांनी आजच पाकीट उघडून पाहावं. वार लिहिलेला नसेल, तर चिठ्ठी घेऊन दुकानात परत जावं आणि आपल्या डोळ्यांदेखत तो लिहून घ्यावा.