छायाचित्रातील वन्यप्राणी : आकार व अंतराचे मोजमाप

हिंगोली हा प्रामुख्याने शेतीप्रधान जिल्हा. तथापि पैनगंगा व कयाधू या नद्यांच्या खोऱ्यांतील झुडपी वने, माळराने आणि नाले वन्यप्राण्यांना आश्रय देतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून जून २०१९ मध्ये निघालेला ‘टी-१ सी-१’ हा तरुण वाघ हिंगोली जिल्ह्यातून मार्ग काढीत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याचा माग कळत होता. इतर प्राण्यांबाबत मात्र हाती येतात त्या पाऊलखुणा, नाहीतर एखादे छायाचित्र. त्यातील प्राणी केवढा, हे चुकीचे ठरविले गेल्यास रानमांजराच्या चित्राने गावात घबराट पसरते. उलट बिबट्यास लहान प्राणी समजल्यास आवश्यक ती सावधगिरी राहून जाते.

स्वयंचलित कॅमेरा

वाटेलगतच्या झाडास किंवा खुंटास बांधलेला हा कॅमेरा प्राण्याच्या शरीराची उष्णता व हालचाल टिपून आपोआप चित्र घेतो. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावण्यात आले होते. वाघाची जात व ओळख पटते ती अंगावरील पट्ट्यांवरून. परंतु चित्र अंधुक असेल तेव्हा आकाराचा आधार घ्यावा लागतो.

आकार फसवा का?

वस्तू जितकी दूर, तितकी तिची प्रतिमा लहान, हा साधा नियम येथे लागू होतो. समजा, एक मीटर उंचीची काठी कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर उभी केली असता चित्रात ती ४० मिलिमीटर दिसते. तीच २ मीटरवर ८० आणि ८ मीटरवर २० मिलिमीटर दिसेल. म्हणून अंतर ठाऊक नसताना केवळ चित्र पाहून आकार सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज होय.

मोजण्याची रीत

कॅमेरा जागेवरून न हलविता, प्राणी ज्या ठिकाणी उभा होता नेमक्या त्याच ठिकाणी खुणा केलेली काठी उभी धरावी आणि त्याच कॅमेऱ्याने पुन्हा चित्र घ्यावे. दोन्ही चित्रे सारख्याच मापाची काढून घ्यावीत. एक मीटरची काठी ४० मिलिमीटर व प्राण्याची खांद्यापर्यंतची उंची २६ मिलिमीटर भरली, तर खरी उंची ६५ सेंटिमीटर ठरते.

जागा मात्र अचूक हवी. प्राणी प्रत्यक्षात ५ मीटरवर उभा असेल आणि काठी ४ मीटरवर धरली, तर ८१ सेंटिमीटर उंचीचा प्राणी ६५ सेंटिमीटरचा वाटेल. यासाठी पाऊलखुणा, दगड, झुडूप यांचा आधार घ्यावा. प्राणी तोंड समोर करून उभा असल्यास त्याची लांबी मोजू नये. तो वाकलेला किंवा दबा धरून बसलेला असल्यास उंचीही ग्राह्य मानू नये.

अंतराचा उपयोग

कॅमेरा लावतानाच समोर दर मीटरवर खूण करून एकदा चित्र घेऊन ठेवल्यास पुढे प्रत्येक प्राण्याचे अंतर त्याच्याशी ताडून पाहता येते. नीलगाय, रानडुक्कर यांसारखे प्राणी अंगावरील खुणांनी एकेक ओळखता येत नाहीत. जवळून जाणारे बहुतेक टिपले जातात, दूरचे बरेच निसटतात. हे प्रमाण अंतरांच्या नोंदींवरून काढून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत शास्त्रज्ञांनी विकसित केली आहे. पिकांच्या नुकसानीचा प्रश्न जेथे आहे, तेथे अशा माहितीचे मोल विशेष आहे.

स्थानिक कार्यकर्त्यांचे कर्तव्य

छायाचित्र मिळताच ते गावभर पाठविण्याऐवजी दिनांक, वेळ व नेमके ठिकाण यांसह वन विभागाकडे द्यावे. ती जागा तुडविली जाणार नाही, याची ग्रामपंचायतीने दक्षता घ्यावी. मोजणी वनकर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत व दिवसाउजेडीच व्हावी. शिक्षकांना काठी व साध्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने हा प्रयोग शाळेच्या पटांगणात सहज करून दाखविता येईल. समप्रमाणाचे गणित त्यातून विद्यार्थ्यांना उमजेल आणि अफवेपेक्षा मोजमापावर विश्वास ठेवण्याची सवय गावास लागेल.