बारा व्होल्ट तर येतायत!

मीटरवर १२ व्होल्ट दिसले की अडॅप्टर चांगला, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तेच धरून चाललो होतो.

तालुक्याच्या गावी बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स आता नावालाच, खरा धंदा ऑनलाइन फॉर्म भरण्याचा. मी घरी पोचलो आणि दुकानातल्या राऊटरने नखरे सुरू केले. दिवे लागायचे, नेट यायचं, आणि दोन-चार मिनिटांत सगळं बंद पडून पुन्हा पहिल्यापासून. भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली, बाकावर पाच-सहा मुलं ताटकळलेली. गावातल्या दुरुस्तीवाल्याने अडॅप्टर मीटरला लावला, १२.१ व्होल्ट. "अडॅप्टर ओके आहे. बोर्ड गेलाय, नवा घ्या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात इलेक्ट्रॉनिक्सचा टी.ई. बसलेला! मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "हो बाबा, बोर्डच असणार."

रात्री एक गोष्ट खटकली. दुकान बंद झाल्यावर, एकही फोन जोडलेला नसताना राऊटर तासभर मुकाट चालला होता. बोर्ड गेला असता तर तो गिऱ्हाईक बघून थोडाच बंद पडला असता? आणि मग बारावीचं फिजिक्स आठवलं: अंतर्गत रोध. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. त्यामुळे आजारी अडॅप्टरही त्याच्यासमोर १२ व्होल्ट दाखवतो. ओझं उचलायला लावलं की खरं काय ते कळतं.

ओझं कुठून आणायचं? बाबांच्या मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्ट, १० वॅटचा निघाला, म्हणजे साधारण ०.८३ अँपिअर. अडॅप्टर १ अँपिअरचा, बरोबर मापात. सीसीटीव्हीवाल्यांकडे स्क्रूची डीसी पिन मिळते, तिला बल्ब जोडला आणि मीटर समांतर लावला. बल्ब लालसर मिणमिणला आणि मीटरवर ७ च्या आसपास आकडा नाचू लागला. (थंड तारेचा रोध कमी असल्याने पहिल्या क्षणी करंट जास्त जातो. चांगला अडॅप्टर बहुधा एखादी उचकी देऊन स्थिरावतो. हा स्थिरावलाच नाही.)

इथे एक गंमत लक्षात घ्या. राऊटरच्या आत १२ चे ३.३ व्होल्ट वगैरे करणारा कन्व्हर्टर असतो. त्याला लागते ती पॉवर. ६ वॅट लागत असतील तर १२ व्होल्टला अर्धा अँपिअर पुरतो, व्होल्टेज ८ वर घसरलं की पाऊण लागतो. म्हणजे अडॅप्टर दमला की राऊटर जास्तच ओढतो, तो आणखी दमतो, आणि शेवटी प्रोसेसर रीसेट होतो. फोन जोडले, वायफायचं काम वाढलं की हेच घडत होतं.

सकाळी सीसीटीव्हीवाल्याकडूनच १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर आणला. बाबा म्हणाले, "दोनचा लावलास, जळणार नाही ना?" नाही. राऊटर लागेल तेवढाच करंट घेतो. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. व्होल्ट मात्र तेवढेच हवेत (काही राऊटर ९ व्होल्टचेही असतात), आउटपुट डीसी हवं, आणि पिनच्या चिन्हात मधला टोक धन आहे की ऋण ते जुन्याशी जुळवायचं. पिनचं भोक २.१ मिमी की २.५ हेही बघा, ढिली बसली तर पुन्हा तोच तमाशा. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या.

राऊटर चालला, फॉर्म गेले. दुपारी मी जुना अडॅप्टर उघडला. तुम्ही उघडणार असाल तर आधी ऐका: २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि ते साठवणारा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहू शकतो. मीटरने खात्री केल्याशिवाय बोट लावू नका, आणि पहिल्यांदा करताना लॅबमधल्या सरांना शेजारी उभं करा.

आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता. यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो, कपॅसिटन्स घटतो आणि आतला रोध वाढतो. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास जातो. ऐकायला भरपूर, पण २४ तास चालू असणाऱ्या राऊटरला ती पावणेचार वर्षंसुद्धा नाहीत. बाबांनी तर तो अडॅप्टर झेरॉक्स मशीनच्या मागे, गरम हवेच्या झोतात लावला होता. नवा आता भिंतीवर वर लावलाय.

कपॅसिटर मी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टचा, पण १०५ अंशांचा घालून बदलला. बल्बवर आता ११.९ व्होल्ट टिकतात. तो अडॅप्टर, बल्ब आणि पिन सध्या हॉस्टेलवर माझ्या कपाटात आहेत. कुणाचा राऊटर किंवा सेट-टॉप बॉक्स असाच वागत असेल तर फेकण्याआधी अडॅप्टर घेऊन या. मीटर मात्र येताना आपला आणा.