यंत्राच्या ठोक्यावर जॅझ?

प्रश्न : हिप-हॉपचा ठोका यंत्रात आधीच बांधून ठेवलेला, तर जॅझमध्ये ऐनवेळी सुचेल ते वाजवायचं. मग दोन्हीकडचे कलाकार एकत्र अल्बम करतात तेव्हा त्यांचं जमतं कसं?

उत्तर : तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला तोच नगमा वाजवत बसतो आणि त्याच्या जिवावर तबलजी वाटेल तिकडे जाऊन समेवर येतो. हिप-हॉपमधला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, असाच नगमा समजा. तो हलत नाही, म्हणून ट्रम्पेटवाल्याला भटकता येतं.

हे लूप पुष्कळदा जॅझच्या जुन्या रेकॉर्डवरूनच उचललेले असत. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे तुकडे भरून वाजवायच्या यंत्रात, जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. मग हिप-हॉपवाली पोरं ३३च्या वेगाची एलपी ४५वर फिरवून तुकडा भरत आणि वाजवताना पुन्हा संथ करत. जागा वाचे, शिवाय आवाजाला खरखरीत, मळकट पोत येई. पुढे लोकांना तोच आवडू लागला.

१९९३च्या ‘जॅझमाटाझ’मध्ये गुरू या अमेरिकन रॅपरने (हो, नाव गुरूच!) नुसत्या तुकड्यांवर न भागवता माणसंच बोलावली: ट्रम्पेटवर डोनाल्ड बर्ड, व्हायब्राफोनवर रॉय एअर्स, सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस. बर्ड आणि एअर्स यांच्या रेकॉर्डी तर पोरांनी आधीच भरपूर कापल्या होत्या. ‘लाउंजिन’ ऐका. गुरूचा आवाज मुळात सपाट, न चढणारा. त्यामुळे बर्डच्या ट्रम्पेटला वर मोकळं रान मिळतं.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘डू-बॉप’चं तसं झालं नाही. सप्टेंबर १९९१मध्ये माइल्स गेला तेव्हा अल्बम अर्धवट होता. निर्माता ईझी मो बी याने आधी मुद्रित करून ठेवलेला ट्रम्पेट घेऊन दोन गाणी मागाहून रचली. १९९२मध्ये अल्बम आला, ग्रॅमीही मिळालं. तरी मला तिथे वाजवणारा आणि ठोका एकमेकांना अनोळखी वाटतात.

खरी अडचण हीच, की लूपला कान नसतात. जॅझचा ड्रमवाला सोलो ऐकता ऐकता आपली चाल बदलतो. यंत्र ढिम्म असतं. म्हणून रॅपर केंड्रिक लमारने २०१५च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये रॉबर्ट ग्लास्पर, कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट अशी जॅझमध्ये मुरलेली मंडळी घेतली. त्यातल्या ‘फॉर फ्री?’मध्ये ड्रम हातांनी वाजवलेले आहेत आणि रॅपच सॅक्सोफोनच्या सोलोसारखा सुसाट सुटतो. सुरुवात त्यापासून करा. मात्र हेडफोन लावून, शिव्या सढळ आहेत.