तिसरी आली म्हणून काय झालं?

अगं, तुझ्या कुमैत शिंगीचा पुन्हा तिसरा नंबर आला म्हणून तू जेवलीसुद्धा नाहीस, असं आई फोनवर सांगत होती. नंबर राहू दे, मला बाकीचं सांग. काळ्या भुसभुशीत रानात पळाली की मुरमाड पट्टीवर? पुढच्या दोघी पक्क्या वयाच्या होत्या ना? शेवटी शेवटी अंतर तुटत होतं की वाढत होतं? मागून रेटत येऊन तिसरी आली असेल तर मी खूश आहे. सुरुवातीलाच सुसाट सुटून शेवटी ढेपाळली असेल, तर दम कमी पडतोय, नाहीतर वर बसलेला पोरगा तिला आधीच पिटाळतोय.

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर एकदाही न जिंकलेल्या घोड्यांना ‘मेडन’ म्हणतात, त्यांच्या शर्यती वेगळ्या लावतात. निकालातही नुसता नंबर नसतो. किती लांबीने मागे, पाठीवर वजन किती, वेळ किती, सगळं छापतात. आपल्याकडे कोण लिहिणार? तूच लिही. शाळेची अर्धी कोरी वही पुरे.

तोंड उघडून बघतेस ना? सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली तेव्हा मधलेच दुधाचे दात पडून नवे आले होते, म्हणजे अडीच-तीन वर्षांची. त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनच्या सुमारास, कडेची साडेचारला. तोंड भरायला पाच वर्षं. पाठीचे मणके तर त्याहून उशिरा पक्के होतात. विकणारा तिच्या अंगावरच्या भोवऱ्यांचं केवढं कौतुक करत होता! भोवरे पळत नाहीत गं, पाय पळतात.

पळून आली की जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी शीर चाप. निवांत उभी असताना मिनिटाला ३० ते ४० ठोके लागतात. पळाल्यावर दहा-पंधरा मिनिटं हळूहळू फिरवलीस की ते ६०च्या आसपास उतरायला हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या पायांच्या नळीमागच्या शिरांवरून हात फिरव. एका पायाला ऊब किंवा सूज लागली तर शर्यत बंद आणि डॉक्टरला बोलाव. दादाने कितीही आरडाओरड केली तरी.

आणि ती सुरत-भुसावळची मालगाडी गेली की अजून बिथरते का? तेही वहीत लिही. गर्दीत कान मागे पाडून पळणारी शिंगी दमलेलीच असते असं नाही, घाबरलेलीही असू शकते.

अमेरिकेतला सीबिस्किट घोडा पहिल्या सतरा शर्यतींत जिंकला नव्हता; १९३८मध्ये त्यानेच वॉर अ‍ॅडमिरल या नावाजलेल्या घोड्याला हरवलं. पण तिथलाच झिप्पी चिप्पी शंभर वेळा धावला आणि शंभरही हरला, तेव्हा दादाला नुसती पहिली गोष्ट सांगू नकोस.

आता महिनाभर तिला नुसती दुडकी चालव. दत्तजयंतीला सारंगखेड्यात उतरवायचीच असेल तर तिच्या वयाच्या शिंग्या कुठे पळतात ते आधी विचारून ठेव. मोठ्या घोड्यांत नको.