संगणक चालू, पडदा मात्र काळा : दोष कोठे शोधावा?

अभ्यासिकेतील संगणकाचे बटण दाबावे, आतल्या पंख्याचा आवाज यावा, डब्यावरचा दिवा लागावा आणि समोरचा पडदा मात्र काळाच राहावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. अशा वेळी जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "मशीन गेले." मग सगळा संच रिक्षात घालून दुकानात नेला जातो. तेथे तो दोन-चार दिवस पडून राहतो. इकडे परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. ज्या संस्थेचा कारभार वर्गणी व देणगीवर चालतो, तिच्या दृष्टीने नवा मॉनिटर किंवा नवा मदरबोर्ड ही किरकोळ बाब नव्हे.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकाच दोषाचा विचार करणार आहोत. संगणक चालू आहे, पण बाहेर जोडलेल्या मॉनिटरवर चित्र येत नाही, एवढाच तो दोष. पुष्कळदा तो डब्याच्या आत नसतोच. तो डबा आणि पडदा यांच्या मधल्या वाटेवर असतो, आणि ती वाट कोणत्याही विद्यार्थ्याला एकही स्क्रू न काढता तपासता येते. अट एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, पोर्ट आणि मॉनिटर तिन्ही एकदम बदलले व चित्र आले, तर दोष कशात होता हे कोणालाच सांगता येत नाही, आणि चांगली केबल कचऱ्यात जाते.

ज्याला आपण सर्रास सीपीयू म्हणतो त्या डब्यात चित्र तयार होते. ते मागच्या पोर्टमधून केबलमध्ये जाते, केबलमधून मॉनिटरच्या पोर्टमध्ये येते आणि मॉनिटर ते पडद्यावर उमटवतो. परंतु हा व्यवहार एकतर्फी नाही. मॉनिटरही केबलच्या काही तारांवरून संगणकाला स्वतःची ओळख कळवतो. आपले नाव काय, आपण किती रुंद-उंच चित्र दाखवू शकतो, ही ती माहिती. तिचा नमुना 1994 साली ठरला. ही ओळख पोहोचली नाही तर कधी चित्र मोठे व बोजड दिसते, तर कधी संगणक "येथे मॉनिटरच नाही" असे समजून गप्प बसतो. म्हणूनच जुन्या यंत्रांच्या बाबतीत आधी मॉनिटर सुरू करावा व मग संगणक, ही जाणकारांची सवय निव्वळ रूढी नाही.

आता तपासणीकडे वळू. प्रथम पडदा नीट पाहावा. मॉनिटरचा दिवाच लागत नसेल तर प्रश्न विजेच्या वायरचा किंवा बोर्डाचा आहे. दिवा लागतो आणि पडद्यावर "नो सिग्नल" अशी अक्षरे येतात, तर उलट समाधान मानावे, कारण ती अक्षरे मॉनिटर स्वतः लिहितो. म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत फक्त चित्र पोहोचलेले नाही. शंका असल्यास चित्राची केबल काढून मॉनिटर एकटाच वीज देऊन सुरू करावा. निरोप दिसला की नवा मॉनिटर घेण्याचा विचार तूर्त सोडून द्यावा. कीबोर्डावरची नम लॉकची कळ दाबावी. तिचा छोटा दिवा लागतो-विझतो असे दिसले, तर डबाही जागा आहे. आता राहिली मधली वाट.

मॉनिटरला बहुधा दोन-तीन पोर्ट असतात. केबल एकात आणि मॉनिटर वाट पाहतोय दुसऱ्याची, असे फार वेळा घडते. मॉनिटरच्या कडेला किंवा खाली "सोर्स" अथवा "इनपुट" लिहिलेले बटण असते. त्याने योग्य पोर्ट निवडावा. कोणी साफसफाई करताना ते बटण दाबले जाते, आणि दुसऱ्या दिवशी मशीन गेल्याची बातमी पसरते.

डब्याच्या मागची बाजूही अशीच फसवी आहे. तेथे कधी कधी चित्राचे पोर्ट दोन ठिकाणी असतात. काही माउस-कीबोर्डाच्या पोर्टशेजारी, म्हणजे मदरबोर्डाचे, आणि काही त्यांच्यापासून वेगळ्या पट्टीवर, म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे. असे कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावावी, कारण कार्ड बसवल्यावर मदरबोर्डाचे पोर्ट अनेकदा आपोआप बंद होतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकानंतर एफ हे अक्षर असते, त्यांत चित्र तयार करणारा भाग चालूच नसतो. तेथे मदरबोर्डावरचा पोर्ट केवळ शोभेचा. जुना डबा विकत घेताना हे अक्षर पाहून घ्यावे, असे आम्ही आवर्जून सांगतो.

देणगीत मिळालेल्या मॉनिटरांचा विषय आपल्यासारख्या संस्थांच्या अधिक जिव्हाळ्याचा असल्याने त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. कार्यालये जुने मॉनिटर काढून टाकतात तेव्हा ते चांगल्या स्थितीत असतात, पण त्यांना बहुधा निळ्या रंगाचा, तीन ओळींत पंधरा छिद्रांचा व्हीजीए पोर्ट असतो. हा पोर्ट आयबीएमने 1987 साली आणला. त्यातून चित्र चढत्या-उतरत्या विद्युतदाबाच्या रूपाने जाते. 2002 च्या अखेरीस जाहीर झालेला एचडीएमआय आणि 2006 चा डिस्प्लेपोर्ट यांत मात्र चित्र आकड्यांच्या रूपाने जाते. डिसेंबर 2010 मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मॉनिटर कंपन्यांनी 2015 पर्यंत व्हीजीए मागे घेण्याचे जाहीर केले. त्यामुळे अलीकडच्या पुष्कळ यंत्रांवर तो पोर्ट नाही. मॉनिटर चांगला, संगणकही चांगला, पण दोघांची भाषा वेगळी, अशी ही अडचण आहे.

भाषा वेगळी असेल तर दुभाषा लागतो. एका टोकाला एचडीएमआय व दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली साधी स्वस्त केबल बाजारात मिळते. तिच्या आत रूपांतर करणारी चिप नसेल, तर नेहमीच्या संगणकावर ती काहीही दाखवणार नाही. टोके बसतात म्हणून काम होते असे नाही! चिप असलेला कन्व्हर्टर मागावा. चिपला वीज लागते. ती सहसा एचडीएमआय पोर्टमधूनच मिळते, पण ती अपुरी पडली तर चित्र लुकलुकते किंवा येऊन जाते. अशांसाठी बाजूने यूएसबीची वीज घेण्याची सोय असलेला कन्व्हर्टर बरा. शिवाय हा दुभाषा एकाच दिशेने बोलतो. एचडीएमआय संगणकाकडून व्हीजीए मॉनिटरकडे नेणारा कन्व्हर्टर उलटा लावून जुना व्हीजीए संगणक नव्या टीव्हीला जोडता येत नाही. त्यासाठी वेगळा घ्यावा लागतो. डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआयकडे जाणाऱ्या केबलचीही हीच गत आहे. दुकानात जाताना दोन्ही पोर्टचे मोबाइलवर फोटो काढून न्यावेत आणि "संगणकाकडे हा, मॉनिटरकडे हा" असे बोट ठेवून सांगावे.

व्हीजीए केबलचे एक वैशिष्ट्य असे, की ती आजारी पडली तर लक्षणांवरून दुखणे ओळखता येते. तिच्या पहिल्या तीन पिना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग वाहून नेतात. पांढरे पान पिवळे दिसू लागले तर निळ्याची पिन वाकलेली किंवा सैल आहे. पान हिरवट निळे दिसले तर लाल बंद आहे. जांभळट गुलाबी दिसले तर हिरवा. तेराव्या व चौदाव्या पिनेवरून चित्राच्या ओळी व पाने कोठे सुरू होतात याच्या खुणा जातात. त्या तुटल्या की मॉनिटर "नो सिग्नल" म्हणतो. तेव्हा केबल काढून उजेडात धरावी. वाकलेली पिन बारीक चिमट्याने किंवा रिकाम्या बॉलपेनच्या पुढच्या नळीने हळूच सरळ करता येते, अर्थात केबल दोन्हीकडून सोडवल्यावरच. मधल्या ओळीतील नऊ क्रमांकाची पिन मात्र अनेक केबलींत मुळातच नसते. ती शोधत बसू नये, आणि ती नाही म्हणून केबल फेकूनही देऊ नये. दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने घट्ट करावेत. ते न केल्यामुळे टेबलाला धक्का लागला की पडदा जातो.

सभागृहात प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडताना वेगळीच गडबड होते. केबल ठीक, सोर्स ठीक, तरी भिंत कोरी. वक्ते ताटकळलेले. तेव्हा विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून धरून पी दाबावे. ही सोय 2009 च्या विंडोज 7 पासून आहे. यादीतून "डुप्लिकेट" निवडले की लॅपटॉपवर दिसते तेच भिंतीवर दिसते. "पीसी स्क्रीन ओन्ली" निवडलेले असेल तर भिंतीवर काही येणार नाही. "एक्स्टेंड" निवडले तर भिंतीवर नुसती पार्श्वभूमी दिसते आणि भाषणाच्या स्लाइड लॅपटॉपवरच राहतात. विंडोज 10 व 11 मध्ये पडदा अचानक गोठला किंवा काळा झाला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडे काम जात नाही.

लॅपटॉपला फक्त चपटा, लंबगोल यूएसबी-सी पोर्ट असेल तर एक खबरदारी घ्यावी. 2014 पासूनच्या या पोर्टची बाहेरची ठेवण सर्वत्र सारखी, पण प्रत्येकातून चित्र बाहेर जातेच असे नाही. काही केवळ चार्जिंग व फाइलींसाठी असतात. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे चिन्ह आहे का, किंवा माहितीपत्रकात तसा उल्लेख आहे का, हे पाहिल्याखेरीज महाग अडॅप्टर घेऊ नये.

सुरुवातीला कंपनीचे चिन्ह दिसते आणि विंडोज येताना पडदा काळा होतो, असे असेल तर केबल निर्दोष आहे. चिन्ह ज्या वाटेने आले तीच वाट पुढेही आहे. येथे दोष ड्रायव्हरचा किंवा निवडलेल्या चित्राच्या आकाराचा समजावा. "आउट ऑफ रेंज" असा निरोप आला तर संगणक मॉनिटरच्या कुवतीबाहेरचे चित्र पाठवत आहे. शेजारचा मोठा मॉनिटर किंवा टीव्ही तात्पुरता जोडून चित्राचा आकार कमी करावा व मग आपला मॉनिटर लावावा.

एवढे करूनही, दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावूनही पडदा काळाच राहिला आणि नम लॉकचा दिवाही हलत नसेल, तर दोष आत आहे. सैल झालेली किंवा धूळ बसलेली रॅमची पट्टी हे त्याचे नेहमीचे कारण. ज्याला सराव आहे त्याने वीज पूर्ण तोडून, डब्याच्या धातूला हात लावून मगच पट्टी काढावी, कोरड्या कापडाने टोके पुसून परत घट्ट बसवावी. सराव नसेल तर दुकान गाठावे. मॉनिटरचे किंवा वीजपुरवठ्याच्या पेटीचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही तेथे काही काळ धोकादायक विद्युतभार साठून राहतो.

दुकानात जाताना काय काय तपासले ते एका कागदावर लिहून न्यावे. मॉनिटर दुसऱ्या संगणकावर चालला, केबल बदलून पाहिली, सोर्स योग्य होता, नम लॉक हलत नाही, अशा चार ओळी पुरतात. केबल आणि मॉनिटर अभ्यासिकेतच ठेवावेत व फक्त डबा न्यावा. रॅम, कार्ड किंवा बोर्ड बदलावा लागला तर बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि पावतीवर नव्या भागाचे नाव व वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी.